लाल गाडीची खोड

बियाण्याच्या दुकानात मापात घट निघाली तर सगळेच भांडतात, आमचे हेही भांडतात. पण दुकानदाराने एखादी मूठ जास्त घातली, तर बाकीचे खूश होऊन घरी जातात आणि हे पिशवी तिथेच पालथी घालून दाणा दाणा बघतात. फुकट कुणी काही देत नाही, दिलं तर त्याच्या पोटात काहीतरी आहे, असं ह्यांचं मत. लग्न होऊन वालूरला आले तेव्हा मला याचा राग यायचा. आता सवय झाली आहे, पण राग गेला आहे असं कुणी समजू नये.

हा संशय बैलबाजारातून आला. बैल घ्यायचा असला की आसपासच्या गावचे लोक ह्यांना, म्हणजे व्यंकटरावांना, सोबत नेतात. हे जनावराचं तोंड उघडून बघतात, चालवून बघतात, उतारावर गाडीला जुंपून बघतात. मग मालकाला एकच सवाल. "चांगला बैल कोण इकतंय? इकायलाय म्हंजी खोड हाय. ती सांग." आमच्याकडे रीत अशी की जनावराच्या पाठीवर हात ठेवून मालकाने खोड सांगायची. मारका आहे, जुंपला की बसतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. हात ठेवून खोटं बोललं तर पुढचं जनावर दावणीला लाभत नाही म्हणतात. भलेभले लबाड त्या वेळी हात मागे घेतात, आणि ह्यांचं काम होतं.

आमच्या विमलचा नवरा ह्यांनी असाच बघून आणला. नोकरी बघितली, शेती बघितली, मामाचं घर बघितलं, शेजाऱ्यांना गाठून विचारलं. मुलगा बिनखोडी निघाला. आणि खरंच तो बिनखोडी होता, मी खोटं कशाला बोलू. पिणं नाही, हात उगारणं नाही, पगार सगळा घरात. फक्त तो विमलशी बोलायचा नाही. जेवला की पेपर, पेपर झाला की झोप. अंगणात त्यांची मोटार कापडाखाली झाकून उभी असायची. विमलने एकदा म्हटलं, मी चालवून बघू का, तर "कशाला?" एवढंच म्हणून त्याने खिळ्यावरची चावी कपाटात नेऊन ठेवली. चौदाव्या वर्षी आमच्या वावरात ट्रॅक्टर चालवणारी पोर ती. दोन वर्षांमागे दिवाळीला आली, ती परत गेलीच नाही.

ह्यांनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. सौदा फसल्यावर बाजारातून येतात तसे गप्प गप्प राहिले. विमलला जिंतूरच्या शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली, पैसे हातात आले, अंगावर जरा तेज आलं. पण एक गोष्ट माझ्या पोटात सलत होती. तिला काय आवडतं, हे ती सांगेनाशी झाली होती. साडीच्या दुकानात गेलो तर "तूच सांग, माय." भाजी कोणती करू, तर "कोणतीही." एकदा आपल्या आवडीचं काही नसतानाही हो म्हटलं होतं आणि ते अंगाशी आलं होतं, म्हणून तिचा भरवसा उडाला होता तो आमच्यावर नाही, स्वतःवर. मला वाटायचं, ही पोर अशीच राहिली तर आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटातलं जेवणार.

त्या वर्षांत एसटीचा काही नेम नव्हता. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून कुठे काही पेटलं की आधी बस बंद. सकाळी शाळेला गेलेली विमल संध्याकाळी कशी येणार, याची मला रोज धास्ती. म्हणून ठरलं की एक जुनी चारचाकी घ्यायची, तिच्या पगारातून, तिच्या नावावर. ह्यांनी मान हलवली आणि लगेच बाजारात निघाल्यासारखं उपरणं खांद्यावर टाकलं.

पहिली बघितली ती बोरीच्या रंगनाथची जीप. रंगनाथ ह्यांच्या ओळखीचा, त्याला रीत माहीत. त्याने न विचारताच जीपच्या बॉनेटवर हात ठेवला.

"वळवताना खांदे दुखतेत, व्यंकटराव. आन् आवाज असा की शेजारचं माणूस काय बोलायलंय ते कळत न्हाई. पण चिखलात, खड्ड्यात, कुठं बी घाला, माघारी घरी आणंल. बिघडली तर गावचा लोहार बी दुरुस्त करतो."

हे खूश झाले. खोड सांगून विकणारा माणूस ह्यांना देवासारखा वाटतो. विमलने जीप ओढ्यापर्यंत नेली, वळवून आणली, उतरून पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "चांगली हाय." लग्नाआधी त्या मुलाला बघितल्यावरही ती याच आवाजात "चांगला हाय" म्हणाली होती.

शाळेतल्या कुणीतरी तिला परभणीच्या लाल गाडीचं सांगितलं होतं. ती ते ह्यांच्यासमोर बोलायला तयार नव्हती, मीच बोलले. "जीप कुठं पळून जायलीय का? ती बी बगू." हे तयार झाले, कारण न बघितलेली वस्तू नाकारणंही ह्यांना जमत नाही.

गाडी गोविंदरावांची. हे गोविंदराव कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांवर काम करायचे, पन्नाशी उलटलेले, नीट इस्त्री केलेले, हळू बोलणारे. त्यांच्या बायकोचं नाव प्रभावती. घरासमोर ती छोटी मारुती उभी होती, लालभडक. चाकं रुंद बसवलेली, स्टेअरिंग बदलून लहान केलेलं, सीट पार खाली. माणूस बसला की रस्ताच मांडीला लागतोय असं वाटायचं. मागचं दार छपरापासून वर उघडत होतं.

"मागून दार कशाला?" हे म्हणाले. "मागून कोण चढतंय?"

"सामान ठेवायला," गोविंदराव म्हणाले.

"सामान ठेवायला का काढायला?" हे पुटपुटले. ते फक्त मला ऐकू आलं.

ह्यांनी गाडीभोवती चक्कर मारली. टायर चाचपले, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं, दारं उघडून लावून बघितली. कुठे काही नाही. फाटकाच्या डाव्या खांबाला मात्र लाल रंग घासलेला होता. "हे काय?" विचारलं तर प्रभावतीबाई म्हणाल्या, "पाण्याचा टँकर आला होता, त्यानं लावलं." गोविंदराव खांबापासून बाजूला सरकले. टँकर लाल नसतो, हे मलाही कळलं.

मग ह्यांनी बाजारातली अट घातली. मालक सोबत असला की जनावर शहाण्यासारखं वागतं, म्हणून मालकाने बाजूला राहायचं. दुसरा कुणी असता तर रागावला असता. गोविंदराव चटकन म्हणाले, "तुम्हीच जा, मी इथं थांबतो," आणि चावी विमलच्या हातात दिली. एवढी सुंदर गाडी अनोळखी पोरीच्या हातात द्यायला माणूस इतका राजी कसा, म्हणून ह्यांच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

विमलने गाडी जिंतूर रोडला काढली. आम्ही दोघं मागे, गुडघे हनुवटीला लागलेले. वस्ती संपली, रस्ता मोकळा झाला, विमलने गिअर बदलला आणि गाडी अशी सुटली की ह्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरला असेल. वळणावर वाटलं आता कलंडते, पण ती रस्त्याला धरून गेली. आणि विमल हसली. तोंड दाबून नाही, मोठ्याने. तिचं हसणं मी विसरले होते. माझे डोळे भरून आले ते मी ह्यांना दिसू दिलं नाही, नाहीतर धूर येतोय का बघायला गाडी थांबवली असती.

परत आलो तेव्हा गोविंदराव फाटकात उभे होते. आम्ही त्यांच्या डावीकडून येऊन अगदी शेजारी थांबलो, तरी ते रस्त्याकडेच बघत राहिले. विमलने हॉर्न दिला तसे दचकले.

चहा झाला. ह्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलंच.

"गोविंदराव, गाडी लय चांगली हाय. कामून इकायलाव?"

"आता फार फिरणं होत नाही," गोविंदराव म्हणाले.

प्रभावतीबाई ट्रे उचलत होत्या. त्या थांबल्या. "रोज पहाटे तर जाता," त्या म्हणाल्या. आवाज गोड होता, पण ज्या बाईने पुष्कळ दिवस काहीतरी गिळून ठेवलं आहे तिचा तो आवाज असतो, मला ओळखू येतो.

"तेवढंच," गोविंदराव म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले. ह्यांनी कोपराने मला ढोसलं.

रात्री मुक्काम ह्यांच्या बहिणीकडे, चतुरावन्संकडे. जेवताना संशयाला पूरच आला. ह्यांचं म्हणणं, गाडी कुठेतरी ठोकलेली असणार आणि वरून रंग मारलेला असणार. चतुरावन्सं म्हणाल्या, पहाटे पहाटे बाप्या गाडी घेऊन जातो म्हणजे दुसरीकडे घर असणार. ह्यांना ते पटलं नाही. बाईचं प्रकरण असतं तर गाडी ठेवली असती, विकली नसती. मग आणखी विचार करून म्हणाले, "सकाळी गार इंजिन सुरू होत न्हाई, ही खोड हाय. म्हणून पहाटे तापवून ठेवतो. गिऱ्हाइक आलं की गाडी एका झटक्यात सुरू."

मी म्हटलं, "गिऱ्हाइक रोज येतंय का? तुमच्यावानी रिकामं दुसरं कोण हाय?"

विमल भाकरी कुस्करत बसली होती. दुपारचं तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. "जीपच घेऊ, आबा," ती म्हणाली. "जीपचं सगळं म्हाईत तरी हाय. खांदे दुखतेन तेवढंच."

मला असा संताप आला की मी ताटावरून उठले. ह्यांच्यावर आला, त्या पेपरवाल्या जावयावर आला, त्या गोविंदरावांवरही आला. खांदे दुखतील तेवढंच! पंचविशीतली पोर आयुष्याचा हिशोब कुठे कमी दुखेल यावर करायला लागली होती. चतुरावन्सं म्हणाल्या, वैनीला भूक न्हाई का. मी म्हटलं, न्हाई.

"उद्या फटफटायच्या आत जाऊ," हे म्हणाले. "न सांगता. गार गाडी सुरू करून बगू. लबाडी असंल तर जागेवर सापडंल."

गेलो. थंडी होती. गोविंदरावांच्या वसाहतीत अजून कुणी उठलेलं नव्हतं, एक बाई तेवढी दारापुढे सडा घालत होती. लाल गाडी फाटकाच्या आत नव्हती, बाहेर रस्त्याच्या कडेला जरा तिरपी लावलेली होती. ह्यांनी डावीकडून वाकून बॉनेटवर तळवा टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. बाजार जिंकल्यावर असं बघतात.

"कढत हाय," ते म्हणाले. "म्हणलं नव्हतं?"

विमलनेही हात लावून बघितला. तिचे खांदे खाली आले. मला वाटलं, झालं. संपलं. आता ही जीप घेणार, आणि पुढे जे काही घ्यायचं ते असंच घेणार.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की गाडीच्या आत अंधारात माणूस आहे. गोविंदराव स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले होते. आम्ही तिघं त्यांच्या डाव्या खिडकीशी उभे, एवढं बोललो, आणि ते समोर बघत. काच बंद होती म्हणून ऐकू गेलं नसेल, पण दिसायला काय झालं होतं? ह्यांनी काचेवर बोट वाजवलं. ते केवढ्याने दचकले.

ते उतरले तोच घराचं दार उघडलं. प्रभावतीबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या. त्या झोपेतून उठलेल्या नव्हत्या, दारामागे उभ्या असाव्यात. "आले का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बरं झालं, आज पाहुणेबी आहेत. कुठं जाता ते सगळ्यांसमोर सांगा."

"गार गाडी सुरू होत न्हाई, व्हय ना?" हे म्हणाले. "म्हणून तापवून ठेवायलाव."

"गाडी पहिल्या चावीला सुरू होते," गोविंदराव म्हणाले. "कधीही."

"मग खोड काय हाय? चांगली गाडी कोण इकतंय?"

"काही नाही खोड."

"असं न्हाई," हे म्हणाले. "आमच्यात जनावराच्या पाठीवर हात ठेवून सांगायची रीत हाय. ठेवा हात."

मला लाज वाटली. शिकला-सवरलेला माणूस, पहाटेची वेळ, आणि हे मोटारीला बैल समजून बसलेले. वाटलं गोविंदराव आता आम्हाला हाकलून देणार. ते थोडं हसले. मग बॉनेटवर हात ठेवला. इंजिन अजून गरम होतं, तरी त्यांनी हात काढला नाही. हसू गेलं.

"गाडीत खोड नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

ह्यांनी वाकून त्यांच्या डोळ्यांत बघितलं, बैलाच्या बघतात तसं.

"काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. डावीकडचं तर काहीच नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. पण ही गाडी चालवण्याइतकं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशात लाभलं नाही, खरं सांगतो. म्हणून पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना न्यायचो. खांबाला मीच लावलं, मग गाडीला रंग मारून घेतला. मागे एकदा एक सायकलवाला बाजूनं आला. तो पुढं निघून शिव्या द्यायला लागला तेव्हा मला कळलं की कुणी होतं. त्या दिवशी विकायची ठरवली. तरी आज पुन्हा नेलीच. तुम्ही घेऊन गेलात की संपणार होतं."

मी प्रभावतीबाईंकडे बघितलं. इतके दिवस त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, आणि निघालं हे. त्या पायरीवर बसल्या.

"परवा मला गंगाखेडला नेलंत," त्या हळू म्हणाल्या. "मी तुमच्या डावीकडंच बसले होते की."

"आवाज येत होता तुझा," गोविंदराव म्हणाले.

त्या रडल्या नाहीत. उठून आल्या, त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या, तिथून त्यांच्या हातातली चावी काढून घेतली आणि ती कुणाला द्यावी हे न कळून तशीच धरून उभ्या राहिल्या. ह्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. लबाडी पकडायला आलेल्या माणसाच्या हाती हे लागलं, आता ते घेऊन करायचं काय, असा चेहरा झाला होता. मी ह्यांना इतकं उघडं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. आणि सांगते, मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मला वाटलं, बरं झालं. सगळं तपासून, सगळ्यांना गाठून, तोंड उघडून बघितलं तरी माणसाच्या आत काय आहे ते दिसत नसतं, हे कळलं असेल तर बरं झालं.

हे विमलकडे वळले. तिच्याशी बोलताना हे नेहमी माझ्याकडे बघून बोलायचे. त्या दिवशी तिच्याकडे बघून बोलले.

"तुला आवडली का?"

विमलने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम मान फिरवली आणि शेजारच्या घराच्या कुंपणाकडे बघत राहिले. माझा जीव कानांत आला होता.

"आवडली," ती म्हणाली. "लय आवडली, आबा." मग तिने गाडीच्या छपरावर हात ठेवला. "पण मला आवडली म्हणून घेतली, आन् मधीच कुठं बंद पडली तर?"

ती गाडीबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं. ह्यांना कळेल असं मला वाटलं नव्हतं. ह्यांना आता सांगायला पुष्कळ होतं. इंजिन बघितलंय म्हणता आलं असतं, खोड कळली आता भ्यायचं कारण नाही म्हणता आलं असतं. मी वाट बघत होते की हे आता टायरचं काहीतरी बोलणार.

"पडली तर पडली," हे म्हणाले. "ढकलू. मी हाय की ढकलायला."

विमल तिथेच रस्त्यावर उभी राहून हुंदके द्यायला लागली. दोन वर्षांत तिने आमच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. हे गाडीच्या मागे गेले, धोतर आवरलं आणि दोन्ही तळवे गाडीला लावून, पाय रोवून उभे राहिले. गाडी बंद पडलेली नव्हती, सुरूही केलेली नव्हती.

"बस," ते तिला म्हणाले.